छायाचित्रांचा आकार बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोचा आकार बदलणे हे एका मिनिटाचे काम आहे आणि बहुतेक वेळा ते तेवढ्यात होऊनही जाते. मात्र त्या मिनिटात झालेली चूक अनेकदा दुरुस्त करता येत नाही, कारण आकार कमी करताना सॉफ्टवेअर फोटोतील माहिती खरोखरच टाकून देत असते. म्हणून पुढील उत्तरांमध्ये कोणते बटण कोठे आहे यापेक्षा ते बटण दाबल्यावर फोटोचे काय होते, हे सांगण्यावर भर दिला आहे. उदाहरणे मुख्यतः फोटोशॉप आणि गिंप यांची आहेत, परंतु तत्त्वे कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडतात.

‘फोटोचा आकार’ म्हणजे नेमके काय?

या एका शब्दाने आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतो आणि निम्मे गोंधळ तेथेच सुरू होतात. पहिली गोष्ट म्हणजे पिक्सेलची, म्हणजे फोटो ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी बनतो त्यांची संख्या : फोटो आडवा किती पिक्सेलचा आणि उभा किती पिक्सेलचा आहे ते. दुसरी म्हणजे कागदावर छापल्यावर येणारी लांबी-रुंदी, जी इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. तिसरी म्हणजे फाइलचे वजन, जे केबी किंवा एमबीमध्ये सांगितले जाते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींशी संबंधित असल्या तरी एक नाहीत. ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट, असा हिशेब केला तर उघडलेला फोटो संगणकाच्या स्मृतीत ७ कोटी २० लाख बाइट जागा व्यापतो. तोच फोटो जेपेग या, माहिती दाबून बसवणाऱ्या स्वरूपात साठवला की काही एमबींतच मावतो, तरी पिक्सेल मात्र एकही कमी झालेला नसतो.

रसेल किर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात उतरवला. संगणकात उतरवलेले ते पहिले छायाचित्र मानले जाते. ते १७६ × १७६ पिक्सेलचे, म्हणजे एकूण ३०,९७६ पिक्सेलचे होते. वरच्या उदाहरणातील एका फोटोच्या पिक्सेलमध्ये तशी सुमारे पावणेआठशे चित्रे बसतील. एवढ्या थोड्या पिक्सेलमध्येही बाळाचा चेहरा ओळखू येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. किती पिक्सेल पुरेसे आहेत, हे फोटो कोठे आणि कशासाठी पाहिला जाणार आहे यावरच ठरते.

आकार कमी करून सेव्ह केलेला फोटो पुन्हा मोठा केला, तर मूळ फोटो परत मिळतो का?

मिळत नाही. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १५०० पिक्सेलचा केला की मूळच्या सोळा पिक्सेलच्या जागी एकच पिक्सेल उरतो. त्या सोळा पिक्सेलमध्ये पापणीचे केस होते की कापडाची वीण होती, याची नोंद त्या एका पिक्सेलमध्ये नसते. तेथे फक्त त्यांची सरासरी उरलेली असते, आणि सरासरीवरून मूळ सोळा आकडे काढता येत नाहीत.

हे मी स्वानुभवाने शिकलो. एका जुन्या समूहछायाचित्राचे मोठे स्कॅन माझ्याकडे होते. त्यात मागच्या रांगेतील एका मुलीच्या हातातील वहीवरचे नाव वाचता येत होते. ईमेलने पाठवण्यासाठी मी त्याची रुंदी ८०० पिक्सेल केली आणि ‘सेव्ह अॅज’ऐवजी ‘सेव्ह’ दाबून खिडकी बंद केली. कागदावरचा मूळ फोटो तोवर ओलीने खराब झाला होता. आज त्या वहीच्या जागी एक करडा ठिपका दिसतो आणि ते नाव काय होते हे सांगणारे कोणी राहिलेले नाही.

म्हणून क्रम नेहमी असा ठेवावा : आधी फाइलची प्रत काढावी, मग ती प्रत उघडावी आणि त्यानंतरच आकाराला हात लावावा. ‘अनडू’वर भिस्त ठेवू नये, कारण फाइल बंद केली की तो मार्गही बंद होतो. गिंपमध्ये २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीपासून ‘सेव्ह’ ही आज्ञा केवळ गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपासाठी राखून ठेवली आहे आणि जेपेग किंवा पीएनजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. अनेकांना तो त्रास वाटतो, परंतु मूळ फाइल नकळत पुसली जाण्यापासून तो वाचवतो, म्हणून मला तो बदल योग्यच वाटतो.

रिझोल्यूशनच्या रकान्यात ७२ ठेवावे की ३००?

फोटो केवळ पडद्यावर पाहिला जाणार असेल तर या आकड्याने काहीही फरक पडत नाही. एका इंचात किती पिक्सेल छापावेत, याची ती फाइलमध्ये लिहिलेली सूचना असते. ३००० × २००० पिक्सेलच्या फोटोत ३०० लिहिले तर तो कागदावर १० इंच रुंद येईल आणि ७२ लिहिले तर साडेएकेचाळीस इंचांहून थोडा जास्त. दोन्ही वेळा पिक्सेल तेवढेच राहतात आणि ब्राउझरमध्ये दोन्ही फोटो एकसारखेच दिसतात.

७२ हा आकडा १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकातून रूढ झाला. त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते, म्हणजे मुद्रणात अक्षरे मोजण्याचे माप असलेला एक पॉइंट बरोबर एका ठिपक्याएवढा होत असे. ते पडदे केव्हाच मागे पडले, तरी ‘वेबसाठी ७२’ हा सल्ला मात्र अजून फिरतो आहे.

या सल्ल्यामुळे होणारे नुकसान खरे आहे. फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’ खिडकीत ‘रीसॅम्पल’ हा चौकोन असतो. त्यावर खूण नसताना ३०० चे ७२ केले तर फक्त सूचना बदलते. खूण असताना तेच केले तर सॉफ्टवेअर कागदावरची लांबी-रुंदी कायम ठेवते आणि पिक्सेलच कमी करते, म्हणजे ३००० × २००० चा फोटो ७२० × ४८० चा होतो. साठ लाख पिक्सेलपैकी शंभरात सहासुद्धा उरत नाहीत. म्हणून रिझोल्यूशनचा आकडा बदलण्यापूर्वी त्या चौकोनाकडे आवर्जून पाहावे आणि ‘ओके’ दाबण्यापूर्वी वर दाखवलेली पिक्सेलची संख्या वाचावी.

छपाईसाठी किती पिक्सेल लागतात?

हातात धरून पाहायच्या फोटोसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा रुळलेला ठोकताळा आहे. त्यानुसार ४ × ६ इंची प्रतीसाठी १२०० × १८०० पिक्सेल, ८ × १० इंची प्रतीसाठी २४०० × ३००० आणि ए-४ कागदासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. माप मिलिमीटरमध्ये असेल तर त्याला २५.४ ने भागून इंच काढावेत आणि आलेल्या संख्येला ३०० ने गुणावे.

या ठोकताळ्यामागे डोळ्यांची मर्यादा आहे. साधारण चांगली दृष्टी असलेला डोळा कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. ३० सेंटिमीटर अंतरावर हे माप ०.०८७ मिलिमीटर भरते, म्हणजे एका इंचात सुमारे २९० ठिपके. अंतर वाढले की गरज त्याच प्रमाणात घटते आणि दोन मीटरवरून पाहायच्या फलकाला याच हिशेबाने इंचाला ४४ पिक्सेलही पुरतात. प्रत्यक्षात लोक फलकाच्या जवळ येऊनही पाहतात, म्हणून मोठ्या छपाईसाठी १०० ते १५० पिक्सेल धरणे शहाणपणाचे असते. ‘३०० नाही म्हणून छापता येणार नाही’ असे सांगितले गेले, तर फोटो किती अंतरावरून पाहिला जाणार आहे, हे आधी विचारावे.

आकार बदलल्यावर चेहरे फुगलेले किंवा चेपलेले का दिसतात?

लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण तुटल्यामुळे असे होते. दोन्ही रकान्यांच्या मधल्या साखळीच्या चिन्हाने ही मापे एकमेकांना बांधलेली असतात. ती साखळी जोडलेली ठेवली की एक माप भरल्यावर दुसरे आपोआप येते.

खरी अडचण येते ती फोटोचे प्रमाण आणि चौकटीचे प्रमाण वेगळे असते तेव्हा. अनेक कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ प्रमाणाचा असतो, बऱ्याच फोनचा ४:३ आणि ८ × १० इंची कागद मात्र ५:४ असतो. ६००० × ४००० चा फोटो त्या कागदावर पूर्ण भरायचा तर तो ५००० × ४००० असा कापावा लागतो, म्हणजे रुंदीचा सहावा भाग जातो. कोणता भाग जावा हे आपण क्रॉप करून ठरवावे, छपाईयंत्रावर सोडू नये. आधी क्रॉप आणि मग आकार हा क्रम पाळावा. काहीच कापायचे नसेल तर कॅनव्हासचा आकार वाढवून कडेने कोरी जागा सोडता येते. फोटो ताणून चौकटीत बसवणे हा मात्र मार्ग नव्हे.

बायक्युबिक, बायलिनियर, लँक्झोस या पर्यायांतून कोणता निवडावा?

नवा पिक्सेल कोणत्या रंगाचा असावा हे ठरवण्याच्या या निरनिराळ्या रीती आहेत. शेजारच्या दोन पिक्सेलची उजळता ४० आणि २०० आहे आणि त्यांच्या बरोबर मध्ये एक नवा पिक्सेल हवा आहे, असे समजा. ‘निअरेस्ट नेबर’ ही रीत सर्वांत जवळचा आकडा जसाच्या तसा उचलते, म्हणून तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात. ‘बायलिनियर’ भोवतालच्या चार पिक्सेलचा विचार करते आणि येथे १२० हा मधला आकडा देते, त्यामुळे पायऱ्या जातात पण कडा मऊ पडतात. ‘बायक्युबिक’ सोळा पिक्सेल पाहते आणि चढ-उताराचा कल लक्षात घेते, म्हणून कडा अधिक टिकतात. ‘लँक्झोस’ त्याहून मोठे क्षेत्र पाहते आणि बारीक तपशील चांगला राखते, मात्र कधी कधी ठळक कडेलगत फिकट झालर उमटवते.

साध्या फोटोसाठी बायक्युबिक घ्यावी आणि निर्धास्त राहावे. फोटोशॉपमध्ये तिचे दोन उपप्रकार आहेत, त्यांपैकी ‘शार्पर’ लहान करताना आणि ‘स्मूदर’ मोठे करताना वापरायचा असतो. ‘ऑटोमॅटिक’ ठेवले तर सॉफ्टवेअर स्वतःच निवड करते.

लहान केलेल्या फोटोत मुळात नसलेले नागमोडी पट्टे का दिसतात?

बारीक चौकड्यांचा सदरा, खिडकीची जाळी, कौलांच्या ओळी किंवा विटांची भिंत असलेल्या फोटोत हे हमखास घडते. एक काळी आणि एक पांढरी रेघ अशी जोडी दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात. लहान केलेल्या फोटोत तेवढी जागा उरली नाही की काही ठिकाणी काळी रेघ पकडली जाते, काही ठिकाणी पांढरी, आणि त्या निवडीतून एक नवीच, मोठ्या पट्ट्यांची नक्षी तयार होते. तिला मॉइरे म्हणतात.

चांगली रीत निवडली तर हा दोष बराच कमी होतो, कारण ती रेघा उचलत नाही, त्यांची सरासरी काढते. तरीही पट्टे दिसत असतील तर मूळ आकारातच फक्त त्या कापडाचा किंवा जाळीचा भाग निवडून त्याला किंचित गॉशियन ब्लर (धूसर करण्याचे साधन) द्यावा आणि मग आकार कमी करावा. संपूर्ण फोटो ब्लर करू नये, कारण डोळ्यांतील चमक त्यात जाते.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब आहे. फाइलमधील उजळतेचे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात. काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांची जाळी असेल तर ० आणि २५५ यांची सरासरी म्हणून सॉफ्टवेअर १२८ लिहिते, परंतु निम्म्या प्रकाशासाठी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत १८८ हा आकडा असायला हवा. परिणामी रात्रीच्या आकाशातील तारे किंवा दूरचे दिवे लहान फोटोत वाजवीपेक्षा मंद होतात. रोजच्या फोटोंत हे जाणवत नाही. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी मात्र याची दखल घ्यावी आणि फोटोशॉपमध्ये ३२ बिटच्या मोडमध्ये आकार बदलून पाहावा, कारण तेथे आकडेमोड प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात होते.

लहान केल्यावर फोटो मऊ दिसतो. शार्प केव्हा करावा?

सर्वांत शेवटी, अंतिम आकारावर आल्यानंतर. आधी शार्प करून मग आकार बदलला तर केलेले काम सरासरीत विरघळून जाते. ‘अनशार्प मास्क’ या साधनाचे नाव ऐकून अनेक जण बिचकतात, परंतु ते अंधाऱ्या खोलीतील जुन्या तंत्रातून आले आहे. तेथे निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून छापत, आणि त्यामुळे कडा उठून दिसत.

पडद्यासाठी लहान केलेल्या फोटोला रेडियस, म्हणजे कडेभोवती परिणाम किती रुंदीत व्हावा ते माप, ०.३ ते ०.५ पिक्सेल एवढाच ठेवावा आणि अमाउंट, म्हणजे परिणामाचा जोर, हळूहळू वाढवावी. केसांभोवती किंवा छपराच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली की थोडे मागे यावे. ही पारख १०० टक्के झूमवरच करावी. पडदा भरेल असा लहान-मोठा केलेला फोटो सॉफ्टवेअरने तात्पुरता नव्याने रंगवलेला असतो आणि त्यावरून धार कळत नाही.

झूम कमी केल्याने फोटोचा आकार कमी होतो का?

होत नाही. झूममुळे फक्त पाहण्याचे अंतर बदलते, फाइल आहे तशीच राहते.

लहान फोटो मोठा करता येतो का? कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विश्वासार्ह आहेत का?

दोन्ही बाजू दुप्पट केल्या की पिक्सेल चौपट होतात, म्हणजे नव्या फोटोतील चारपैकी तीन पिक्सेल अंदाजाने भरलेले असतात. बायक्युबिकसारखी रीत हा अंदाज शेजाऱ्यांवरून बांधते, त्यामुळे फोटो गुळगुळीत पण धूसर होतो. थोड्या वाढीला, म्हणजे दीडपटीपर्यंत, हे सहज चालते.

नवी साधने अंदाज वेगळ्या तऱ्हेने बांधतात. असंख्य फोटोंवरून शिकून ती ‘अशा जागी साधारणपणे काय असते’ हे भरतात. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने २०२१ साली आणलेली ‘सुपर रिझोल्यूशन’ ही सोय त्यांपैकीच एक असून ती दोन्ही बाजू दुप्पट करते. झाडाची साल, वाळू, दगडी भिंत अशा पोतांवर या साधनांचे काम थक्क करणारे असते आणि छपाईसाठी मी ती आनंदाने वापरतो.

चेहरा आणि मजकूर यांच्या बाबतीत मात्र कमालीची सावधगिरी हवी. वीस पिक्सेलच्या चेहऱ्याला ही साधने रेखीव डोळे देतील, पण ते डोळे त्या माणसाचे असतीलच असे नाही. वाहनाची अस्पष्ट पाटी ठळक होईल, पण तिच्यावरचा आकडा ३ होता की ८ हे साधनाने ठरवलेले असेल. पुरावा, कागदपत्र, बातमी किंवा घरातील जुन्या माणसांची आठवण म्हणून जपायच्या फोटोत असे भरलेले तपशील खरे मानून चालू नये. ती प्रत ठेवायचीच असेल तर मूळ फाइल तिच्याशेजारी ठेवावी आणि कोणती कोणती आहे हे नावातच लिहावे.

फॉर्मसाठी फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा आहे. तो खराब न करता कसा बसवावा?

बहुतेक जण पिक्सेल तेवढेच ठेवून जेपेगची गुणवत्ता तळाला नेतात, आणि चेहऱ्यावर चौकोन-चौकोन दिसू लागतात. ते चौकोन येतात कारण १९९२ सालच्या जेपेग मानकानुसार फोटो ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्यांत विभागला जातो आणि गुणवत्ता घटली की प्रत्येक तुकड्यातील बारीक तपशील वेगवेगळा गळतो. त्याऐवजी आधी पिक्सेल कमी करावेत. फॉर्मने माप दिले असेल तर नेमके तेच माप ठेवावे. मग एक्स्पोर्टच्या खिडकीत फाइलचे वजन पाहत गुणवत्ता हळूहळू उतरवावी. पासपोर्टसारखा लहान फोटो चांगल्या गुणवत्तेतही सहसा या मर्यादेत बसतो.

तरीही वजन जास्त येत असेल तर फाइलमधील इतर नोंदी आणि सोबतची लघुप्रतिमा काढून टाकावी, कारण एवढ्या लहान फाइलमध्ये त्यांचाही भार जाणवतो. साधी, एकरंगी पार्श्वभूमी ठेवल्यानेही वजन उतरते. प्रत्येक प्रयत्न मूळ फाइलपासून करावा, कारण जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, बदलून सेव्ह करत गेल्याने दर वेळी थोडी हानी होते. आणि फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने पीएनजीचे जेपेग होत नाही, ते एक्स्पोर्टच करावे लागते.

स्क्रीनशॉट, मजकूर आणि लोगो यांनाही हेच नियम लागू आहेत का?

नाहीत. त्यांच्यात सपाट रंग आणि तीक्ष्ण कडा असतात आणि जेपेग त्या कडांभोवती डाग पाडते. त्यांच्यासाठी पीएनजी योग्य, कारण तिच्यात काहीच गळत नाही. स्क्रीनशॉट मोठा करायचा असेल तर बरोबर दुप्पट किंवा तिप्पट करावा आणि रीत ‘निअरेस्ट नेबर’ निवडावी, म्हणजे अक्षरे फुटली तरी मळकट होत नाहीत.

देवनागरी मजकुराचे चित्र लहान करताना विशेष जपावे लागते. शिरोरेषा शेवटपर्यंत टिकून राहते, पण तिच्यावरचा अनुस्वार आधी जातो, आणि ‘मंद’ चे ‘मद’ झालेले पटकन लक्षातही येत नाही. रफार आणि उकार त्याच्या पाठोपाठ जातात. शक्य असेल तर चित्र लहान न करता मजकूरच योग्य आकारात नव्याने बसवावा. लोगोसाठी मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकृत्यांच्या रूपात साठवलेली फाइल, मागून घ्यावी, कारण ती कोणत्याही आकारात तेवढीच स्वच्छ उमटते.

शेकडो फोटोंचा आकार एकदम कसा बदलावा?

फोटोशॉपमध्ये ‘इमेज प्रोसेसर’, विंडोजवर इरफानव्ह्यूची बॅचची सोय आणि आज्ञा टाइप करून काम करणाऱ्यांसाठी इमेजमॅजिक ही साधने यासाठी उपयोगी आहेत. रुंदी ठरवून देण्याऐवजी लांब बाजू ठरवून द्यावी, उदाहरणार्थ २०४८ पिक्सेल, म्हणजे आडवे आणि उभे फोटो एकाच मापात येतात. आधीच लहान असलेले फोटो मोठे करू नयेत, असा पर्याय असल्यास तो निवडावा.

तयार होणाऱ्या फाइलींसाठी वेगळा फोल्डर द्यावा. इमेजमॅजिकमधील ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, मूळ फाइलींवरच लिहिते आणि त्यापूर्वी विचारतही नाही. पूर्ण संचावर ती चालवण्याआधी तीन-चार फोटोंच्या प्रतींवर चालवावी आणि निकाल १०० टक्के झूमवर उघडून पाहावा.